ब्वालोची जुनी खिडकी

मित्रांनो, मला कुणी नवा म्हटल्याला आता फार काळ लोटला. मी एक संगणक आहे, उभ्या पेटीचा. माझा रंग मुळात पांढरट होता. ऊन, धूळ आणि हातांचा घाम लागून तो राखाडी झाला. माझ्या डाव्या कुशीला एक पोचा आहे. तो जहाजातून आफ्रिकेत येताना पडला. माझा जन्म नेमका कुठे झाला ते मला सांगता येत नाही, कारण माझा एकेक अवयव वेगवेगळ्या देशांत घडला आणि जोडणी भलतीकडेच झाली. पहिली काही वर्षे मी एका थंड देशातल्या विमा कचेरीत काढली. तिथे मला कुणी वाईट वागवले नाही, पण कुणी माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. मग तिथे नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना दान म्हणून मलावीला पाठवून दिले.

तिथल्या झोंबा शहरातल्या कॉलेजात मात्र माझे दिवस पालटले. तिथे माझ्यासमोर एका वेळी चार-चार डोकी असत. एकाने लिहायचे, बाकीच्यांनी चुका काढायच्या. त्या गर्दीत तिओंगे न्खोमा नावाची एक मुलगी होती. ती आली होती मलावीच्या अफाट तळ्याकाठच्या न्खाटा बे गावाहून. तिची आई सुकट विकायची. तळ्यातल्या लिकोमा बेटावरून होड्या येणार की नाही, हे कळायला आईला रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन ताटकळत बसावे लागे. म्वेरा नावाचा दक्षिणेचा वारा उठला की तळे समुद्रासारखे खवळते. आपली माणसे निघाली आहेत की वाळूवरच थांबली आहेत, हे कळायला काहीच मार्ग नसे. तिओंगेच्या डोक्यात हेच घोळत असायचे.

पुढे कॉलेजनेही मला मोडीत काढले. तेव्हा ती प्राचार्यांकडे गेली आणि म्हणाली, "सर, फेकणारच असाल तर मला द्या."

"याचं काय करणार तू? हा तर जिना चढल्यासारखा धापा टाकतो."

"तळ्याकाठी सगळ्यांकडे असलेच धापा टाकणारे आहेत, सर. त्यांच्यासाठी काहीतरी बनवायचं तर माझ्याकडेही असलाच हवा."

अशा रीतीने मी तिच्या भाड्याच्या खोलीत आलो आणि माझ्यावरच तिने ब्वालो बांधले. ब्वालो म्हणजे गावातली झाडाखालची मोकळी जागा. तिथे लोक जमतात, तंटे मांडतात, मोठी माणसे निवाडा करतात. तिओंगेचे ब्वालो इंटरनेटवर होते. कुणी एक विषय काढायचा, खाली बाकीच्यांनी आपापले म्हणणे लिहायचे, आणि ते सगळे तिथेच राहायचे, म्हणजे उद्या येणाऱ्यालाही वाचता यावे. जाळी कशी रफू करावी, होडीला कुठले लाकूड घ्यावे, सुकटीला कीड लागली तर काय करावे, असे विषय असत. आणि रोज सकाळी सगळ्यात वर असे वाऱ्याची बातमी.

ती बातमी लिहायच्या लिकोमा बेटावरच्या फालेसी चिर्वा. त्यांना सगळे मावशी म्हणत. बेटावरच्या मोठ्या चर्चमागे एक वाचनालय आहे, तिथले माझ्याच वयाचे दोन-तीन संगणक त्यांच्या ताब्यात होते. पहाटे किनाऱ्यावर जाऊन वारा बघायचा, आणि वीज आली की येऊन लिहायचे, हा त्यांचा नेम. एकदा त्यांनी लिहिले, "म्वेरा उठलाय. लाटांना पांढरी शिंगं फुटलीत. होड्या वाळूवरच ठेवा." त्याखाली एका बाईने लिहिले, "मावशी, आमचे हे म्हणतात, तुम्ही रोजच घाबरवता." मावशींचे उत्तर लगेच आले, "त्यांना पोहता येतं का, ते विचार आधी."

मित्रांनो, इंटरनेटवरची पाने ज्यातून दिसतात त्याला ब्राउझर म्हणतात. ती आम्हा संगणकांची खिडकी. माझी खिडकी जुनी होती, आणि तळ्याकाठच्या बहुतेक संगणकांची तशीच होती. म्हणून तिओंगेने काही नवे केले की ती ते आधी माझ्यावर उघडून बघायची. माझ्यावर चालले तर सगळीकडे चालणार, हे ठरलेले. ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "पास झालो का आपण?" मला त्या थापेचा फार अभिमान होता. विमा कचेरीत मला कधी कुणी थाप मारली नव्हती.

ब्वालोवर तंटे झाले की ते सोडवायला ग्रेशम म्वाले होते. हे झोंब्याचेच, कोर्टातले निवृत्त दुभाषी. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. त्यांच्या संगणकात पान वाचून दाखवणारा एक आवाज होता, त्याच्या आधाराने ते सगळे ऐकत आणि उत्तर लिहीत. एका सकाळी ते काठी टेकत आमच्या खोलीवर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मुली, तुझं ब्वालो मला कसं ऐकू येतं, ते आज तू ऐक."

त्यांनी बरोबर आणलेला आपला छोटा संगणक उघडला. आवाज सुरू झाला. "तक्ता. ओळ पहिली. खाना पहिला, रिकामा. खाना दुसरा, रिकामा. आत तक्ता. ओळ पहिली. खाना पहिला, रिकामा." असे किती तरी वेळ चालले. मग कुठे मावशींच्या वाऱ्याचा पहिला शब्द आला.

"मी जन्मभर कोर्टात दुभाषा होतो," म्वालेकाका म्हणाले. "खुनाच्या खटल्यातसुद्धा साक्षीदार इतकं फिरवून बोलला नाही."

तिओंगे हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. दोष तिच्या कामाचा होता, आणि त्या दोषाचे कारण मी होतो. माझ्यासारख्या जुन्या ब्राउझरला पान नीट दिसावे म्हणून तिने प्रत्येक पान तक्त्यांच्या आत तक्ते घालून बांधले होते. डोळ्यांना ते तक्ते दिसत नसत. कानांना मात्र तेच ऐकावे लागत.

"मला सवय झालीय," काका म्हणाले. "पण मी अंध शिक्षकांची एक तुकडी आणली होती ना ब्वालोवर, शिकाऊ मुलंमुली, ती गेली. मी विचारलं तर म्हणाली, काका, तिथे माणसं बोलतात असं तुम्ही सांगता, पण आम्हाला तर नुसती खोकी ऐकू येतात."

ब्वालो वाढले तसा तिओंगेच्या मदतीला लुसुंगु नावाचा तरुण आला. म्झुझू शहराचा, हुशार आणि तोंडाचा फटकळ. मला पाहून पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, हे संग्रहालय आहे की कचेरी?" पुढे त्यानेच माझे नाव 'आजोबा' ठेवले. त्याला काही नवे सुचले की ते नव्या ब्राउझरात जेवायच्या आधी तयार व्हायचे, आणि उरलेला सगळा दिवस ते माझ्यावर चालवण्यात जायचा. मग तो मंदाझी, म्हणजे तळलेले गोड वडे, खात माझ्याकडे बघत बसे. "आजोबांना पटलं का?" तिओंगे विचारायची. "आजोबांना काहीच पटत नाही," तो म्हणायचा. तरी तो माझ्यावर धूळ बसू देत नसे, हे मी सांगायलाच हवे.

अशातच माझी प्रणाली, म्हणजे मला चालवणारे सॉफ्टवेअर, बनवणाऱ्यांनी जाहीर केले की यापुढे तिची डागडुजी होणार नाही. माझ्या खिडकीला तडा गेला तर आता बुजवायला कुणी येणार नव्हते. लुसुंगुने ती बातमी तिओंगेला वाचून दाखवली. ती ऐकून तिओंगे म्हणाली, "बघू." तिला ते टाळायचे होते. चांगली माणसेही अशी गोष्ट टाळतात, कारण कुठलाही निर्णय घेतला तरी कुणीतरी दुखावले जाणार हे त्यांना दिसत असते.

मग जून महिना आला. म्वेऱ्याचा महिना. एका सकाळी ब्वालोवर फालेसीमावशींच्या नावाने एक ओळ आली, "वारा पडलाय. बिनधास्त निघा."

ती ओळ मावशींनी लिहिलेली नव्हती. त्या वेळी त्या किनाऱ्यावरून परतही आल्या नव्हत्या. पण न्खाटा बेला एका होडीवाल्याने ती वाचली आणि मक्याची पोती व बेटावर जाणारी माणसे घेऊन तो निघाला. अर्ध्या वाटेत म्वेऱ्याने होडी उलटवली. जवळच जाळी टाकणाऱ्यांनी धाव घेतली म्हणून माणसे वाचली. होडीवाल्याचा खांदा मोडला. होडी आणि मका तळाला गेला. ती होडी त्याची आणि त्याच्या भावाची, दोन घरांचा संसार तिच्यावर चालत होता.

दुपारी मावशींचा फोन आला. तिओंगेने फोन टेबलावर ठेवला, म्हणून मलाही सगळे ऐकू आले.

"तिओंगे, ते मी लिहिलं नाही."

"माहीत आहे, मावशी."

"तुला माहीत आहे. इथल्या बायकांना माहीत आहे. पण तिकडचे लोक म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. इतकी वर्षं मी वारा सांगितला, पोरी. आता मी खरं सांगितलं तरी लोक एकमेकांचं तोंड बघतील."

लुसुंगुने शोध घेतला. ती ओळ बेटावरून नव्हे, पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावरून कुठून तरी आली होती, आणि मावशींचाच पासवर्ड वापरून आली होती. कुणी लिहिली, मस्करीत की वैरात, हे शेवटपर्यंत कळले नाही. पासवर्ड कसा चोरला गेला, तेही ठामपणे सांगता येत नव्हते. पण कसा चोरला जाऊ शकतो, ते मात्र स्पष्ट होते. ब्वालोवरचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून त्याला कुलूप असते. नवे कुलूप मजबूत होते, पण ते माझ्या ब्राउझरला ओळखता येत नसे. म्हणून केवळ माझ्यासारख्यांसाठी तिओंगेने जुने, कच्चे कुलूपही चालू ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांचे भांडण झाले. मी त्यांच्या मधोमध होतो.

"ताई, आता जुन्या ब्राउझरला दार बंद करायचं," लुसुंगु म्हणाला. "एकाच दाराला सगळ्या कड्या भक्कम लावल्या आणि एक खिळखिळी ठेवली, तर चोर कुठली उघडेल?"

"ती कडी काढली की मावशी बाहेर राहतात. ज्यांचं नाव चोरलं, त्यांनाच बाहेर काढायचं?"

"शंभरातले चार-पाच जण उरलेत जुन्या ब्राउझरवाले. एवढ्यांसाठी बाकीच्यांना धोक्यात ठेवायचं?"

"ते चार-पाच कोण, ते सांग मला."

लुसुंगुने चिडून खुर्ची ओढली आणि शोधायला बसला. हळूहळू त्याचा आवाज उतरत गेला. बेटावरचे वाचनालय. एका मिशनची कचेरी. तळ्याकाठची एक शाळा. मासेमारी खात्याच्या दोन चौक्या. सगळीकडे एखाद-दुसराच संगणक, आणि त्याच्यापुढे अख्खे गाव.

"म्हणजे चार-पाच माणसं नाहीत ही," तो पुटपुटला.

"नाहीत."

मग लुसुंगु म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात फटकळपणा नव्हता. "पण ताई, म्वालेकाकांच्या त्या शिकाऊ शिक्षकांचं काय? ते शंभरात मोजलेच जात नाहीत. ते आले, खोकी ऐकली आणि निघून गेले. जे आत आहेत ते तुला दिसतात. जे कंटाळून गेले ते कुणाला दिसणार?"

तिओंगेने काकांना फोन लावला आणि दोन्ही बाजू सांगितल्या. काकांनी सगळे ऐकून घेतले.

"मला पंच म्हणून विचारतेस की म्वाले म्हणून?" त्यांनी विचारले.

"दोन्ही."

"मग म्वाले म्हणून काही बोलत नाही, माझा त्यात स्वार्थ आहे. पंच म्हणून एवढंच सांगतो. निकाल लांबवणं हाही एक निकालच असतो, मुली. आणि जो आधीपासून बाहेर उभा आहे, त्याच्या विरुद्ध तो जातो. फालेसीशी बोल. तिच्या पाठीमागे काही ठरवू नकोस."

मावशी भडकल्या. त्यांचा आवाज त्या लहानशा फोनमधून खोलीभर घुमला. "माझ्या नावानं कुणीतरी खोटं लिहिलं, आणि शिक्षा मला?"

"शिक्षा नाही, मावशी. पण हे कुलूप असंच ठेवलं तर पुढच्या म्वेऱ्यात पुन्हा कुणी तुमच्या नावानं लिहील. आणि मग होडीत कोण असेल, कोण जाणे."

मावशींच्या मागे कोंबडे ओरडत होते. मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं, आणि बरोबर आहे म्हणूनच मला राग येतोय. बंद करायचं तर कर. पण तिथे बसून एक ओळ लिहून बंद करू नकोस. इथे ये. या बायकांसमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग."

"येते, मावशी."

अशा रीतीने ठरले. पुढच्या म्वेऱ्याच्या आधी ब्वालोवरून जुन्या ब्राउझरचा आधार काढायचा. तोवर मावशींनी लिहायचे, मग फोन करायचा, आणि तिओंगेने त्यांचा आवाज ओळखल्यावरच ती ओळ पुढे सोडायची. आणि त्या अवधीत त्या एकेका गावच्या संगणकाचे काहीतरी करायचे.

नवे संगणक घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. लुसुंगुला एक हलकी, फुकट मिळणारी प्रणाली सापडली. ती जुन्या संगणकांवरही चालते आणि तिच्यात नवा ब्राउझर असतो, असे म्हणत. "म्हणतात" यावर तिओंगेचा विश्वास नव्हता. ती म्हणाली, "आधी करून बघू. आपल्याकडे एक आहेच."

दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, ती नवी प्रणाली घालायची म्हणजे माझ्यातले जुने सगळे पुसायचे. माझा ब्राउझर जाणार होता. त्यानंतर जुन्या खिडकीतून ब्वालो कसे दिसते, हे त्यांना कुठेच बघता येणार नव्हते. मला पुसणे म्हणजे परतीची होडी जाळणे. म्हणूनच तिओंगेचा हात कळेवर थांबला असावा.

"ताई, दुसरा एखादा जुना शोधू का?" लुसुंगुने विचारले. आजोबा म्हणणाऱ्या त्या मुलाचा आवाज मला तेव्हा वेगळाच वाटला.

"नको. ज्यांना आपण हे करायला सांगणार, त्यांनाही दुसरा मिळणार नाहीये."

आणि तिने कळ दाबली. तुम्ही विचाराल, सगळे पुसले गेले तर मग मी हे सांगतो कसे? पुसली गेली ती माहिती साठवणारी चकती. माझ्या पत्र्याला, पंख्याला, झिजलेल्या कळांना जे आठवते ते चकतीवर कधी नव्हतेच.

मी जागा झालो तेव्हा मला माझेच रूप ओळखीचे वाटेना. सगळे हलके आणि थोडे परके. लुसुंगुने ब्वालोचे नवे पान उघडले, तक्त्यांशिवाय बांधलेले. ते यायला वेळ लागला. माझा पंखा घरघरला. पण ते आले, अक्षर न् अक्षर नीट. तिओंगेने माझ्या पाठीवर थाप मारली नाही. तिने नुसता तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

नंतरचे महिने धावपळीत गेले. लुसुंगु बसने चौक्यांवर आणि शाळेत जाऊन आला. मिशनच्या कचेरीतली माणसे स्वतःच संगणक घेऊन झोंब्याला आली. ब्वालोच्या प्रत्येक पानावर मोठ्या अक्षरांत सूचना होती, फोन नंबर होता. एकच जण हाती लागत नव्हता. ब्वेम्बा, म्हणजे चिंच, या नावाने कुणीतरी तळ्याच्या दक्षिण टोकाकडून लिहायचे. फार नाही, अधूनमधून. पावसाळ्यात मासे वाळवायची युक्ती, आजारी बाळाला तळ्याचे पाणी उकळून द्यावे का, असे प्रश्न. बाई होती की पुरुष, कुठला संगणक वापरायची, काही माहीत नव्हते; चिंच म्हणून आम्ही तिला 'ती'च म्हणायचो. तिओंगेने तिला उद्देशून पुन्हा पुन्हा लिहिले. उत्तर आले नाही.

वाचनालयातला एक संगणक मुंग्यांनी पार बिघडवला होता. म्हणून बेटावर निघताना तिओंगेने मलाही बरोबर घेतले. आईच्या जुन्या चितेंजेत, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडात, मला गुंडाळले आणि बसमध्ये मांडीवर धरले. बोटीवर माझ्या एका बाजूला कांद्यांची पोती होती आणि दुसऱ्या बाजूला एक बाई तिच्या कोंबडीसह झोपली होती. तळे शांत होते. जहाजात मी खोक्यात बंद होतो; इतके पाणी मी जन्मात प्रथमच एवढ्या जवळून पाहिले, आणि मला पाण्याची भीती वाटते हे मला तेव्हाच कळले.

फालेसीमावशी उंच आणि सडपातळ निघाल्या. त्यांनी कापड सोडून मला न्याहाळले. "हा तर माझ्या संगणकांहून म्हातारा आहे."

"म्हणूनच आणलाय. याला चाललं तर तुमच्यांना चालणारच."

संध्याकाळच्या आत आंब्याखाली बायका जमल्या. काही पुरुषही मागे उभे राहिले. तिओंगेने सगळे सांगितले. कुलूप कच्चे होते आणि ते माहीत असूनही आपण लवकर बदलले नाही, हेही तिने सांगितले. आडपडदा ठेवला नाही. एका बाईने विचारले, "आता हे नवं. आणखी काही वर्षांनी हेही जुनं होईल ना?"

"होईल."

"मग तेव्हा?"

"तेव्हा परत येईन."

"आणि तू म्हातारी झालेली असलीस तर?" सगळ्या हसल्या.

"मग काठी टेकत येईन. बोटीत चढायला तेवढा हात द्या," तिओंगे म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मावशींना काहीही जागच्या जागी सापडेना. "मागे जायचं बटण कुठे पळालं?" त्या विचारत. "यांनी सगळं हलवलंय आणि म्हणे सोपं केलंय." एकदा तर रागावून उठून गेल्या आणि कसाव्याच्या कंदाच्या पिठाची घट्ट शिमा ढवळत बसल्या. नंतर परत आल्या आणि न बोलता पुन्हा माझ्यासमोर बसल्या. त्या बसल्या की माझ्या कळांवर हळूच फुंकर मारायच्या, मासळी भाजायचा निखारा फुलवावा तशी.

ठरल्या दिवशी झोंब्यात लुसुंगुने जुने कुलूप कायमचे काढले. त्या सकाळी मावशी किनाऱ्यावरून आल्या आणि त्यांनी माझ्यावरून पहिली ओळ लिहिली, "आग्नेयेकडून वारा. लहान होड्यांनी थांबावं. मोठ्यांनी जपून." फोन करायची आता गरज नव्हती.

त्यांनी हात मागे घेतला न घेतला तोच खाली उत्तर आले. म्वालेकाकांचे. "ऐकलं, फालेसी. एकाही खोक्याशिवाय ऐकलं."

मावशींनी ते तिओंगेला मोठ्याने वाचून दाखवले. मग चष्मा काढून चितेंजेच्या टोकाला पुसला, आणि पुन्हा डोळ्यांवर चढवायला त्यांना बराच वेळ लागला.

काकांची शिकाऊ शिक्षकांची तुकडी परत आली. आता ती इतकी लिहिते की लुसुंगु तक्रार करतो. न्खाटा बेच्या रेडिओवाल्यांनी म्वालेकाकांना विचारले, आणि हल्ली रोज सकाळी ते मावशींची ओळ ऐकून रेडिओवर सांगतात. कोर्टातला तो खणखणीत आवाज तळ्याकाठच्या घराघरांत जातो. ज्याची होडी बुडाली तो माणूसही ऐकतो म्हणे. तो अजून भावाच्या मेव्हण्याच्या होडीवर मजुरी करतो. ब्वालोच्या लोकांनी मिळून नव्या होडीचे लाकूड दिले आहे, पण तिचे काम पुरे व्हायचे आहे आणि त्याचा खांदा पहिल्यासारखा होणार नाही.

ब्वेम्बा परत आली नाही. तिचा शेवटचा प्रश्न अजून ब्वालोवर आहे, त्याखाली कितीतरी जणांनी नंतर उत्तरे लिहिली आहेत. तिओंगे अधूनमधून तिथे जाऊन बघते. मलाही वाटते, ती कुठेतरी रेडिओ ऐकत असेल. पण हे माझे नुसते वाटणे आहे.

मित्रांनो, मी आता बेटावरच राहतो. जुने कधीच टाकू नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी स्वतः जुना आहे, आणि माझी खिडकी उघडी ठेवण्यापायी पुन्हा एखादी होडी बुडावी असे मला वाटत नाही. कधीतरी आधार काढावाच लागतो. मागणे एवढेच आहे की तो काढण्याआधी, त्याच्या आधाराने कोण बसले आहे ते जाऊन बघा. आकडा बघून परतू नका. माणसाशी बोला, त्याचा राग ऐकून घ्या, त्याला दुसरीकडे नीट बसवा. आणि एवढे करूनही एखादा निसटला, तर त्याला विसरू नका.

वीज आली आहे. माझा पंखा घरघरायला लागला आहे. आज वारा कुठला, ते मला ठाऊक नाही. मावशी बघायला गेल्या आहेत.